कोल्ह्याने बोलायचं नसतं

४ फेब्रुवारी

टिंबा,

'प्रिय' लिहिलं होतं, ते पान टाकून दिलं. बावीस वर्षांनी तो शब्द वापरायचा तर आधी तुझी परवानगी घ्यायला हवी. खरं तर या नावाचीही घ्यायला हवी, पण तुझ्या दवाखान्याच्या पाटीवरचं नाव लिहिलं तर दाढ दुखतेय म्हणून लिहितेय असं वाटेल.

बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली नाही, आठवड्यांची केली. पाय सुजलेत, उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपतात, एका वाक्यात दोनदा दम घ्यावा लागतो. डोकं मात्र लख्ख आहे आणि जिभेची धार गेलेली नाही. परवा डॉक्टर म्हणाले, "काका, बोलायला त्रास होतो तर बोटाने टकटक करून सांगा की. तुम्ही रेडिओवाले ना?" बाबा म्हणाले, "टकटक करायला मी काय दाराबाहेर उभा आहे?" मग दम खाऊन, "अजून आत आहे."

सोमवारी त्यांना सांभाळणाऱ्या मावशी त्यांची दाढी करत होत्या. गालावर साबण तसाच ठेवून, आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "धाकटीला कळव. येणार नाही ती. पण कळव."

म्हणून कळवते आहे. फोन तू घेत नाहीस, तेव्हा पत्र.

आणखी एक काम आहे. याच पत्रात ते काढणं बरं दिसत नाही, पण वेगळं पत्र लिहिलं तर पहिलं निमित्त होतं असं तुला वाटेल. आपल्या स्काउट पथकाचा नवा शिबिरप्रमुख तिशीतला आहे, उत्साही आहे. रविवारी सकाळी मी पथकातल्या मुलामुलींना हौशी रेडिओ शिकवते, हे तुला माहीत नसेल. प्रयोगशाळेत आठवडाभर लोकांच्या विहिरींचं पाणी तपासायचं आणि रविवारी मोर्स. तर त्याला यंदाच्या शिबिरात कोल्हाशोध पुन्हा सुरू करायचा आहे. एकोणतीस वर्षं तो खेळ बंद आहे, आपल्यामुळे. काय घडलं आणि कुठे चुकलं याचं लेखी टिपण त्याने माझ्याकडे मागितलं आहे, म्हणजे नवे नियम करता येतील. तुझ्या पायाबद्दल तुझ्या नकळत लिहिणं मला पटेना. टिपण खाली उतरवते. चुकलं असेल तिथे खूण करून परत पाठव.

"कोल्हाशोधात एक जण लहान ट्रान्समीटर घेऊन लपतो. तो कोल्हा. दर पाच मिनिटांनी तो मोर्सच्या खटक्यावर ठरलेली तीन अक्षरं वाजवतो. शोधणाऱ्यांच्या हातात रिसीव्हर आणि कडीसारखी अँटेना असते. कडी फिरवायची, आवाज जिकडे बुडतो त्यावरून दिशा धरायची आणि चालायचं. कोल्ह्याकडे रिसीव्हर नसतो. आपल्या खांद्याला कुणाचा हात लागेपर्यंत त्याने हलायचं नाही, बोलायचं नाही, ठरलेल्या अक्षरांखेरीज काही वाजवायचं नाही. लपण्याची जागा लिहिलेलं बंद पाकीट तळावर असतं.

"त्या दिवशी शिबिराच्या रेडिओप्रमुखांची धाकटी मुलगी, वय अकरा, कोल्हा होती. ती उत्तरेकडच्या ओढ्याच्या काठाखालच्या कपारीत बसली होती. खेळ दहाला सुरू झाला. उत्तरेचा ओढा सव्वा अकराला तपासला गेला, तिथे कोल्हा आढळला नाही. त्यामुळे सगळ्या टोळ्या दक्षिणेला वळवण्यात आल्या. साडेबाराच्या सुमारास ओला काठ खचला आणि एक मोठा दगड मुलीच्या उजव्या पायावर आला. नियमाप्रमाणे तिने फक्त ठरलेली अक्षरं वाजवणं चालू ठेवलं, त्यामुळे तळावर कुणाला शंका आली नाही. खेळ दोनला संपायचा होता. रेडिओप्रमुखांनी तो दोन तास वाढवला आणि पाकीट उघडलं नाही. चारला उघडलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला."

शेवटचं वाक्य सात वेळा लिहिलं. आणखी कसं लिहायचं ते कळेना.

तू बाबांना माफ करावंस असं मी म्हणत नाही. एकदा येऊन जा एवढंच.

ताई


१३ फेब्रुवारी

टिंबा,

टिपण परत आलं. सोबत चिठ्ठी नाही, एक शब्द नाही. फक्त एका ओळीभोवती लाल गोल. 'उत्तरेचा ओढा सव्वा अकराला तपासला गेला, तिथे कोल्हा आढळला नाही.'

वेळेबद्दल तुला शंका असावी असं मी धरते. म्हणून त्या वर्षीची डायरी काढून पाहिली. सोळाव्या वर्षीही मी रोज लिहायचे. त्या तारखेला चार वाक्यं आहेत: 'ढगाळ. नाश्त्याला गोंधळ. टिंब कुणालाच सापडली नाही. नंतर अपघात.' वेळ नाही. पण तळावरच्या नोंदवहीत मी परत आल्याची वेळ अकरा चाळीस अशी बाबांच्या अक्षरात आहे, आणि ओढ्यापासून तळापर्यंत पंचवीस मिनिटं लागायची. तेव्हा सव्वा अकरा बरोबर आहे.

ओढ्याकडे मी गेले होते हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. ती कपार वरून दिसत नव्हती, पुढ्यात फांद्या टाकलेल्या होत्या. आवाज इतका मोठा झाला होता की कडी कशीही फिरवली तरी बुडेना. मला वाटलं रिसीव्हर बिघडला. म्हणून परत गेले.

बाबा विचारत होते, "टपाल आलं?"

"आलं."

"काय म्हणते?"

"काही नाही. एका ओळीभोवती गोल काढलाय."

"कुठल्या?"

मी वाचून दाखवली. ते खिडकी लावून घे म्हणाले, रस्त्याचा आवाज येतो. रस्त्यावर आवाज नव्हता.

एक बोलते, राग आला तर येऊ दे. तुझं दुःख मोठं आहे, त्याच्याशी माझी बरोबरी नाही. पण तू ते बावीस वर्षं दुसऱ्या शहरात बसून जपलंस. इथे पलंगाखालचं भांडं मी धुते. पुण्य म्हणून सांगत नाही. माणूस किती उरला आहे ते मला रोज दिसतं, तुला दिसत नाही, म्हणून सांगते. काल त्यांनी मावशींना तुझा फोटो दाखवला, खटक्यावर बोट ठेवलेला, शिबिरातला. म्हणाले, "हात बघा. बोट कसं सैल आहे बघा." मावशींना त्यातलं काय कळणार? म्हणाल्या, "गोड आहे हो पोरगी." बाबा म्हणाले, "गोड कुठली? पक्की आहे."

तुझ्या येण्याची वाट बघते.

ताई


२१ फेब्रुवारी

टिंबा,

तुझ्या औषधाच्या चिठ्ठीवर तीनच शब्द. 'रिसीव्हर बिघडला नव्हता.'

नव्हता.

मागच्या पत्रातलं ते वाक्य लिहिताना मला माहीत होतं की तू हसशील. कडी फिरवून आवाज बुडत नाही याचा अर्थ आपल्या वर्गातलं नऊ वर्षांचं पोरही सांगेल: कोल्हा हाताच्या अंतरावर आहे, आता कान सोडा आणि डोळे वापरा. ते मी दर रविवारी शिकवते. आणि तुला मात्र उलट लिहून पाठवलं. कदाचित पकडली जावी म्हणूनच लिहिलं असेल, पण असं म्हणणं म्हणजे स्वतःची बाजू घेणं झालं, तेव्हा ते राहू दे.

सगळं क्रमाने लिहिते.

त्या सकाळी नाश्त्याच्या रांगेत तू ताटलीवर चमच्याने माझी नक्कल केलीस. माझा मोर्सचा हात. जड, अडखळणारा, मध्येच एक फट जास्त. सगळी रांग ओळखून हसली. बाबाही हसले. म्हणाले, "ताई वाजवते म्हणजे कुणीतरी फर्निचर सरकवतंय असं वाटतं. धाकटीचा हात गातो." त्याआधीची दोन्ही वर्षं मी कोल्हा होते. त्या वर्षी त्यांनी मला न विचारता ट्रान्समीटरचा खोका तुझ्या हातात दिला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण असं होतं आणि ते एवढंच होतं, म्हणून सांगते.

फांद्यांतून तुझा निळा स्कार्फ दिसला. मग गुडघा. तू घड्याळ बघत होतीस, ओठ घट्ट मिटलेले. दहा पावलं असतील. मी पुढे येऊन खांद्याला हात लावला असता तर तू सव्वा तासात सापडलेली कोल्हा झाली असतीस, आणि बाबा म्हणाले असते, चला, ताईनेही काहीतरी शोधलं. मला ते 'ही' नको होतं. तुझं जेवण चुकावं, तू रडकुंडीला यावीस, नियम मोडून बाहेर पडावीस, असं मला वाटलं. मी वळले. तळावर जाऊन म्हणाले, "ओढा पाहिला. नाही." बाबांनी नकाशावर उत्तरेला फुली मारली.

त्या दुपारचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी तळावर बाबांच्या शेजारी बसून तुझा आवाज ऐकत होते. दर पाच मिनिटांनी तीन अक्षरं, घड्याळ लावून घ्यावं अशी. साडेबारानंतर तुझा हात बदलला. अक्षरांमधल्या फटी लांबल्या, शेवटची रेघ ओढल्यासारखी यायला लागली. काहीतरी झालंय हे मला कळलं. बाबा म्हणाले, "थकली पोर. पण सोडत नाही बघ." मी म्हणाले, "हो ना."

दोन वाजता त्यांनी खेळ वाढवला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजवर इतका वेळ कुणी लपून राहिलं नव्हतं. तेव्हा मी सांगू शकले असते. पण सांगायचं तर सव्वा अकराचंही सांगावं लागलं असतं. मग अडीचला सांगू शकले असते. पावणेतीनला. दर पाच मिनिटांनी तू मला एक संधी देत होतीस आणि मी त्या मोजत होते. साडेतीनला बॅटरी बसली तेव्हा मला हायसं वाटलं. ते वाक्य पुन्हा वाच. ते खरं आहे.

बाबांनी त्याच आठवड्यात सगळा दोष लेखी आपल्याकडे घेतला, पथक सोडलं, रेडिओ खोक्यात भरला. मी तो खोका दोरीने बांधायला मदत केली.

आता ये. तू त्यांना ज्यासाठी सोडलंस तो गुन्हा निम्मा माझा होता. निम्म्याहून जास्तच.

ताई


२८ फेब्रुवारी

टिंबा,

तुझं पत्र तीन दिवसांपूर्वी आलं. बावीस वर्षांतलं तुझं पहिलं लांब पत्र. त्यातला भाग इथे पुन्हा लिहिते. माझ्या हाताने लिहिल्याशिवाय तो मला नीट वाचता येत नाही.

"ताई, मी तुला पाहिलं होतं. फांद्या माझ्या बाजूने विरळ होत्या, मला तुझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं. तू माझ्याकडे बघितलंस, मग घड्याळाकडे, मग रिसीव्हरचा आवाज बारीक केलास. मला वाटलं टोळीला आणायला गेलीस. मी हसू दाबून बसले होते. बारापर्यंत दाबलं.

"दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं. ते पलंगाचा दांडा धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, 'ताईला कळू देऊ नकोस की तू पाहिलंस. ती मोडेल. तुझ्यात दम आहे.' पाय जाऊन तीन दिवस झाले होते. माझ्यात दम आहे म्हणे. त्यानंतर सात वर्षं मी त्या घरात तुझ्याशी गोड बोलले, कारण तू मोडली असतीस. तू माझ्या कुबड्या पुसून ठेवायचीस आणि मी थँक्यू म्हणायचे. अठरा पूर्ण झाल्या दिवशी निघाले. बाबांना मी पाकिटासाठी सोडलं असं तुला इतकी वर्षं वाटत होतं? पाकीट कुणीही विसरतं.

"आणि तुझी कबुली. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलीस, आता कुजली म्हणून माझ्या तळहातावर थुंकतेस, आणि वर म्हणतेस पुन्हा वाच. मी दात काढते, ताई. लोकांना चूळ भरून देत नाही.

"येईन. सात मार्चला सकाळी येईन, अकराला सकाळी जाईन. तेवढे दिवस तू घरात नकोस, जिन्यात नकोस, रस्त्यात समोर नकोस. बाबांना सांगायचं की तू आपण होऊन जाते आहेस. मी सांगितलं म्हणून नाही. तुला खोटं बोलता येतं."

पत्र वाचून मी बाबांच्या खोलीत गेले. मावशी चादर बदलत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ओढ्याचं."

"हो."

"तिने सांगितल्यापासून?"

"आधीपासून थोडं." दम घेतला. "त्या दिवशी तू जेवली नव्हतीस."

"मग मला का नाही बोललात?"

"एकीचा पाय गेला होता. दुसरीचं डोकं घालवू?"

"आणि तिचं?"

"तिला बसता येतं," म्हणाले. "न हलता. तुला माहीत आहे."

"मी बदली नाकारली. लग्न नको म्हणाले. इतकी वर्षं या घरात का राहिले असं वाटलं तुम्हाला?"

"माहीत होतं का राहिलीस ते."

"आणि राहू दिलंत?"

"चहा बरा करतेस," म्हणाले. मावशींना विनोद वाटला. त्या हसल्या. बाबा हसले नाहीत.

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. मी स्वतःला शिक्षा देत होते अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तुम्ही दोघं मला सांभाळत होतात, एखाद्या आजारी माणसाला कळू न देता सांभाळतात तसं, आणि त्याची किंमत तू एकटीने दिलीस. हे लिहितानाही मला शंका येते आहे की मी पुन्हा स्वतःबद्दलच लिहिते आहे. तेव्हा थांबते.

तुझी अट मला मान्य आहे. सगळी.

ताई


६ मार्च

टिंबा,

हे पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून जाते आहे. किल्ली मावशींकडे आहे.

बाबांच्या गोळ्या पलंगाशेजारच्या डब्यात, वारांप्रमाणे लावल्या आहेत. लघवीची गोळी सकाळीच द्यायची, दुपारनंतर नाही. पाणी मोजून द्यायचं, मोजपट्टी लावलेला ग्लास तोच आहे, दुसरा वापरू नकोस. ऑक्सिजनचा काटा दोनवर ठेवायचा. ते म्हणतील वाढव, वाढवायचा नाही. उशा चार. एक जरी काढली तरी घुसमटतात. न्हाणीघराची पायरी उंच आहे, भिंतीला नवा दांडा बसवून घेतला आहे, तुझ्यासाठी. मावशींना तो बाबांसाठी आहे असं सांगितलंय.

आज सकाळी त्यांना सांगितलं. तू म्हणालीस ना, मला येतं. तरी जमलं नाही लगेच. आधी मी म्हणाले, प्रयोगशाळेचं काम निघालंय.

"आत्ता?" बाबा म्हणाले.

"चार दिवसच."

"पुढे ढकल."

"नाही ढकलता येत."

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "धाकटी येतेय म्हणून जातेस? तिने सांगितलं?"

इथे मला हो म्हणता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण तसं ठरलेलं नव्हतं, आणि ते सहज विश्वास ठेवणार नव्हते. म्हणून मी म्हणाले, "तिचा काही संबंध नाही. मला कंटाळा आलाय बाबा. तुमचा, या खोलीचा, या वासाचा. चार दिवस मला माणसासारखं झोपायचंय."

मावशींच्या हातातलं फडकं तिथेच राहिलं.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे." मग दम घेऊन, "मला वाटलं होतं शेवटी तू असशील. तू असणारच असं धरूनच चाललो होतो मी." आणि मग, "जा. जा ना. उभी का?"

मी पिशवी घेऊन निघाले. बसस्टँडसमोरच्या लॉजवर आहे, खोली सहा. नंबर मावशींकडे दिला आहे, लागला तर. तू लावणार नाहीस हे मी धरून आहे.

ताई


१० मार्च

टिंबा,

हे पत्र अकरा तारखेनंतर टाकेन. आधी टाकलं तर मी तुला गाठायचा प्रयत्न केला असं होईल.

काल दुपारी पावणेचारला मावशींचा फोन आला. मी खिडकीत बसून बसवर लिहिलेले क्रमांक वाचत होते. मावशी रडत होत्या. "ताई, बाबा गेले हो. तुमच्या बहिणीचा हात धरूनच गेले. शांत गेले."

मी म्हणाले, "आलेच."

त्या फोनवर हात ठेवून कुणाशी तरी बोलल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या बहीणबाई म्हणतात, अकरा तारीख ठरली आहे."

"मावशी, मी त्यांची मुलगी आहे."

हे तू मागून ऐकलंस बहुतेक. तुझा आवाज मला स्पष्ट आला. बावीस वर्षांनी पहिल्यांदा. तू म्हणालीस, "तिला म्हणावं, मीही होते."

मी फोन ठेवला. नंतर खूप वेळ चप्पल घालून खाटेवर बसले होते. कोण अडवणार होतं मला? माझंच घर आहे. शेजारपाजारचे सगळे विचारत असतील, थोरली कुठे? कुणीतरी म्हणत असेल, बाप मरायला टेकला आणि ही गेली फिरायला. मावशींना तर त्या सकाळचं सगळं माहीत आहे, त्यांनी सांगितलंही असेल, आणि खोटं एक अक्षर नसेल त्यात. जायचं ठरवलं, मग नाही ठरवलं. तुला शब्द दिला होता. पण शब्द पाळला हेही खरं कारण नसावं. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही, हे जास्त खरं वाटतं. दोन्ही लिहून ठेवते.

आज सकाळी मात्र गेले. घरी नाही, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्ही इथे?" मी त्याला म्हणाले, गोळ्या परत करायच्या आहेत. खाली गाडी उभी होती. शेजारच्या चौघांनी त्यांना खाली आणलं. मग तू जिन्यातून उतरलीस. कठड्याला धरून, उजवा पाय आधी खाली, मग डावा त्याच पायरीवर. तुझी आताची चाल मला माहीत नव्हती. केस पांढरे झालेत तुझे, माझ्याहून जास्त. शेवटच्या पायरीवर तू थांबलीस आणि शेजारच्या काकूंनी हात पुढे केला, तो तू धरला नाहीस.

तू मान वर करून औषधाच्या दुकानाकडे पाहिलंस का, मला सांगता येणार नाही. मी तोवर खांबामागे सरकले होते. गाडी वळेपर्यंत तिथेच उभी होते.

ताई


१४ मार्च

टिंबा,

अकराला दुपारी घरी आले. तू सगळं आवरून ठेवलंस. चादरी धुतलेल्या, ऑक्सिजनची नळकांडी परत गेलेली, गोळ्यांचा डबा रिकामा करून पालथा घातलेला. फोटो घेऊन गेलीस, तो तुझाच होता. मावशींना मी निरोप दिला. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या की तुमची बहीण फार सोशिक आहे. मी हो म्हणाले.

टिपण काल दिलं. ओळ दुरुस्त केली: 'उत्तरेचा ओढा सव्वा अकराला तपासला गेला. कोल्हा दिसला. शोधणाऱ्या मुलीने तो दिसला नाही असं तळावर सांगितलं. ती मुलगी मी.' शिबिरप्रमुखाने उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं. चांगला मुलगा आहे, त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "मॅडम, कोल्ह्याकडे रिसीव्हर द्यायचा, पाकीट ठरल्या वेळी उघडायचं, हे नियम करता येतील. याला कुठला नियम करू?" मी म्हणाले, सुचला तर सांगते. मग त्याने खाली बघत रविवारच्या वर्गाची किल्ली मागितली. मी ती बरोबरच नेली होती. मुलांना काय सांगायचं ते त्याने विचारलं नाही, मीही सुचवलं नाही.

त्यामुळे आता रविवार मोकळा आहे. बाकीचे वार तसे होतेच.

दांडा भिंतीला तसाच ठेवला आहे. घर दोघींचं आहे. त्याचं काय करायचं ते तू सांगशील तसं. सही हवी असेल तिथे करून पाठवीन, समोर यायची गरज नाही.

तुला एक गोष्ट विचारायची होती. त्या तीन दिवसांतली, बाबांबद्दल, दोन ओळींचा प्रश्न. वेगळ्या पानावर लिहून याच पाकिटात घातला होता. पाकीट चिकटवलंही होतं. मग मनात आलं, तू खरं सांगशील. पाकीट फोडलं आणि ते पान काढून घेतलं.

ताई